सत्तेचाळीसची पाटी

शीगोउ खाण,
१२ डिसेंबर २००३

ताई,

तू विणलेला स्वेटर पोचला. बाह्या चार बोटं लांब आहेत. शुइंग म्हणाली, तुमच्या ताईच्या मते नवरोबा पन्नाशीतही वाढीला लागलेले दिसतात. फोन का करत नाहीस, असं तू विचारलं आहेस. कार्यालयात फोन एकच, आणि मी तो कानाला लावला की शेजारची माणसं चहाचे पेले हळूच खाली ठेवतात. पत्राला निदान डिंक तरी असतो.

आता बातमी ऐक, आणि बसून ऐक. आमच्याकडे गोरे पाहुणे येताहेत, इंजिनं बघायला. डिझेलची नव्हेत. वाफेची, ती दोन खटारी, ज्यांच्यामुळे आमच्या संचालक तेंगसाहेबांना प्रांताच्या बैठकीत कायम दाराजवळची खुर्ची मिळते. त्यांचं हे लोक चित्रीकरण करणार. त्यांच्या देशातली असली इंजिनं कधीच भंगारात गेली म्हणे, म्हणून विमानात बसून आपल्या थंडीत येताहेत. तेंगसाहेबांनी पत्र पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. त्यांना वाटलं, दुभाषी पोरगी पांग हीच चुकतेय.

मागण्या तर ऐक. बर्फ हवा, तो आहेच. धूर हवा, तोही काळाकुट्ट. आमच्या शेडच्या भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलंय की काळा धूर ही फायरमनची लाज. फायरमन शिन त्या भिंतीखाली म्हातारा झाला. चिमणीतून नुसती फिकी शेपटी निघेल असा कोळसा टाकणं ही त्याची जन्माची कमाई. आता त्याला हुकूम आहे की फावडी भरभरून कोंब आणि आकाश काळं कर. तो मला म्हणाला, "मुकादम, त्या दिवशी मी तोंडाला फडकं बांधणार. बायकोच्या माहेरची माणसं त्याच रस्त्याने जातात."

ड्रायव्हर म्हणून तुझ्या युलियांगला निवडलंय. गाडी बरी चालवतो म्हणून नव्हे. खिडकीत तोंड बरं दिसतं म्हणून.

एकच अडचण होती. पाहुण्यांचा म्होरक्या, लाल टोपीवाला म्हातारा, पूर्वी इथे येऊन गेलाय. त्याला १०४७ हेच इंजिन हवंय. त्या इंजिनासमोर उभ्या असलेल्या आपल्या बायकोचा फोटो त्याने पत्रासोबत पाठवला. बाई आता हयात नाहीत. पण आमचं सत्तेचाळीस तर संपलं. बॉयलरच्या आतला पत्रा इतका झिजलाय की हातोडी मारली तर बिस्किटाच्या डब्यासारखा वाजतो. मी स्वतः त्यावर खडूने फुली मारलीय. मागच्या साइडिंगच्या रुळांवर ते कापणाऱ्यांची वाट बघत उभं आहे. चालतं ते एकटं दुसरं, ११८३, आमचं त्र्याऐंशी.

तेंगसाहेब म्हणाले, त्यांना नंबरच हवाय ना, मग नंबर द्या. दोन्ही पितळी पाट्यांची भोकं सारखीच. सत्तेचाळीसची पाटी काढून चालत्या त्र्याऐंशीच्या कपाळावर बसवली. आणि मेलेलं इंजिन बिननंबराचं बरं दिसत नाही, कुणी विचारलं तर काय सांगा, म्हणून त्र्याऐंशीची पाटी त्याला चढवली. हात गारठले, पण काम झोकात झालं.

तुझा,
चांगशुन

-

हार्बिन,
१९ डिसेंबर २००३

चांगशुन,

तुझं पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. चूक चष्म्याची नव्हती.

माणसं अर्ध्या जगावरून धूर बघायला येतात याचा मला धक्का बसायला हवा होता. तो बसायच्या आत दुसरा बसला. पाट्या बदलल्यास? आणि वर झोकात?

मी जन्मभर प्रसूतिकक्षात काय केलं ते विसरलास का? बाळ बाहेर आलं की पायाला पट्टी. आधी पट्टी, मग दुपटं, मग आईचं कौतुक. एकदा एका शिकाऊ पोरीने दोन बाळांच्या पट्ट्या आंघोळीपुरत्या काढून ठेवल्या. फक्त आंघोळीपुरत्या. त्या दिवशी दोन आया एकाच बाळाला छातीशी धरून रडत होत्या आणि दुसरं पाळण्यात एकटं होतं. शेवटी रक्त तपासून निकाल लागला. ती पोर पुढे टपाल खात्यात गेली. तिथे तिने काय गोंधळ घातला असेल तो घातला असेल, पण निदान पाकिटं रडत तरी नाहीत.

पाहुणे गेले की त्याच संध्याकाळी पाट्या जागच्या जागी लाव. आणि मला तसं कळव.

युलियांगला सांग, वसंतोत्सवानंतर इथल्या डिझेल शेडमध्ये त्याची मुलाखत ठरवलीय. मला एकच पोर आहे. त्याचा बाप खाणीने नेला. पोराला मी तुझ्या हाताखाली ठेवलं ते तू बघशील म्हणून. खिडकीत सजवशील म्हणून नव्हे.

फंगछिन

-

शीगोउ खाण,
५ जानेवारी २००४

ताई,

पाहुणे आले, गेले, आणि आम्ही अजून एकमेकांची तोंडं बघतोय.

नदीकाठच्या वळणावर, जिथे कुत्रंदेखील हिवाळ्यात थांबत नाही, तिथे ती मोठी माणसं बर्फात पालथी पडली होती. दाढ्यांना बर्फाच्या काड्या लटकलेल्या. गाडी गेली की हात हलवून मागे न्यायला सांगायचे, आणि पुन्हा यायला लावायचे. तीच गाडी, तोच पूल, तोच धूर. खाली खाणीत माणसं पाळी संपवून गाडीची वाट बघत होती आणि गाडी इथे नटून मागेपुढे करत होती. शिनने खरंच तोंडाला फडकं बांधलं. धूर असा काढला की धोब्याच्या बायकोने दोरीवरचे कपडे काढून घेतले आणि आम्हाला पिढ्यांसकट आठवलं. पिवळी पिशवी घेतलेली एक म्हातारी रुळाकडेने चालली होती, तिला बाजूला व्हायला सांगितलं. पिवळा रंग नको म्हणे. ती म्हणाली, ही वाट माझी, रंग तुमचा तुम्ही बघा, आणि सावकाश चालत गेली. तिच्यासाठी गाडी पुन्हा मागे न्यावी लागली.

युलियांग खिडकीत असा काही ऐटीत बसला होता की तू ओळखलं नसतंस. मुलाखतीचं सांगितलं. म्हणाला, आईला सांगा, डिझेलला तोंड नसतं.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. लाल टोपीवाला इंजिनाजवळ आला. हातमोज्याने चाकाच्या दांड्यावरचं काळं पुसलं. दांड्यावर कारखान्याने नंबर ठोकलेला असतो, तो पाटीबरोबर बदलत नाही. तिथे ११८३ होतं. त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. तो काहीतरी बोलला. पांगने तेंगसाहेबांकडे एक नजर टाकून मोठ्याने सांगितलं की पाहुणे म्हणताहेत, इंजिन फारच छान ठेवलंय. नंतर भाकऱ्या वाढताना ती माझ्या कानाशी म्हणाली, काका, ते म्हणाले की हे ते नव्हे, पण तुमची अडचण मला कळते.

मी माझी भाकरी शिनच्या ताटलीत ठेवली.

पाट्यांचं विचारशील. मी हत्यारं घेऊन निघालोच होतो. तेंगसाहेब म्हणाले, फेब्रुवारीतल्या दीपोत्सवाच्या पौर्णिमेनंतर हीच मंडळी पुन्हा येणार आहेत, सारखं काढ-घाल केलं तर स्क्रूचे आटे झिजतील. ते बरोबरच आहे. थोड्या दिवसांचा प्रश्न.

चांगशुन

-

शीगोउ खाण,
२८ जानेवारी २००४

ताई,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा आधी घे, कारण पुढे घ्याव्याशा वाटणार नाहीत.

सणाला आम्ही इंजिनाची आग उतरवतो, कपाळावर लाल कागद चिकटवतो आणि घरी जातो. तुला माहीतच आहे. त्र्याऐंशी शेडमध्ये गार होऊन उभं होतं, सत्तेचाळीसची पाटी लावून. पाचव्या दिवशी सगळी वस्ती मोमो लाटत होती आणि दारोदार फटाके उडत होते. त्या दिवशी दक्षिणेकडून भंगारवाल्यांची टोळी आली. हातात हुकूम, हुकमावर १०४७. फाटकावर बहिरा निउ. त्याने विचारलं, कुठलं? त्यांनी कागद दाखवला. त्याने शेडकडे बोट केलं. त्यांनी कपाळावरचा लाल कागद फाडला, नंबर जुळवला आणि गॅसची नळी पेटवली.

फटाके वाजत होते, ताई. आम्हाला काही ऐकू आलं नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळी शेडचं दार उघडलं तेव्हा आत आकाश दिसत होतं. म्हणजे जिथे इंजिनाची पाठ असते तिथे मागची खिडकी दिसत होती. बॉयलरचे दोन तुकडे माशासारखे उभे चिरलेले, चिमणी कोपऱ्यात आडवी. शिन आत आला, बघितलं, आणि भिंतीवरच्या त्या लाल अक्षरांखाली जाऊन बसला. मग म्हणाला, मी याला शेवटचं काम काळ्या धुराचं करायला लावलं.

युलियांगने चिमणीला हात लावला आणि फाटलेला लाल कागद उचलून खिशात घातला.

टोळीचा मुकादम बिचारा चांगला माणूस. त्याने मला हुकूम दाखवला, पाटी दाखवली. दोन्ही बरोबर होतं.

तेंगसाहेब मात्र शांत आहेत. ते म्हणाले, कागदोपत्री काहीच बिघडलेलं नाही. कापायचं होतं सत्तेचाळीस, ते कापलं गेलं. उरायचं होतं त्र्याऐंशी, ते साइडिंगवर पाटीसकट उभं आहे. पाहुणे येतील तेव्हा पेटवू.

तू प्रकृती सांभाळ. युलियांग बरा आहे.

चांगशुन

-

हार्बिन,
१ फेब्रुवारी २००४

चांगशुन,

हे पत्र टपालात टाकत नाहीये, शीगोउला येणाऱ्या गाडीच्या गार्डच्या हातात देतेय.

"पाहुणे येतील तेव्हा पेटवू." हे वाक्य तू पत्राच्या तळाशी, माझ्या प्रकृतीच्या शेजारी ठेवलंस. मी प्रसूतिकक्षात काम केलंय, मला तळ बघायची सवय आहे.

साइडिंगवर जे उभं आहे त्याच्यावर तू खडूने फुली मारली होतीस. डब्यासारखा वाजतो म्हणालास. तो डबा पेटवणार, त्याच्यात वाफ कोंडणार, आणि त्याच्यामागे खिडकीत तोंड बरं दिसतं म्हणून माझं पोर बसवणार. आणि तू मला लिहितोस, युलियांग बरा आहे. आहे म्हणजे कधीपर्यंत?

तेंगला कागद जपायचाय. शिनला लाज जपायचीय. गोऱ्याला बायकोची आठवण जपायचीय. तू काय जपतोयस? त्या यार्डात ते कुठलं इंजिन आहे हे तोंडाने सांगू शकेल असा माणूस तू आहेस, कारण पाटी तुझ्या हाताने लागली.

लहानपणी तू पडलास तरी रडायचा नाहीस, आधी इकडेतिकडे बघायचास की कुणी बघितलं का. आता मोठा हो.

फंगछिन

-

शीगोउ खाण,
१२ फेब्रुवारी २००४

ताई,

हे अक्षर पांगचं आहे. थंडीने माझी बोटं आखडलीत, म्हणून मी सांगतोय आणि ती लिहितेय. बरोबर लिहितेस ना गं? लिहितेय म्हणते.

युलियांग तुझ्यापाशी पोचला असेल. तुला ताप आलाय अशी थाप मारून मीच त्याला पहाटेच्या गाडीत बसवला. शिव्या घालत असेल तर घालू दे. त्याच्या जागी खिडकीत मी बसणार होतो. माझं तोंड बघून पाहुण्यांनी कॅमेरे आवरते घेतले असते तर तेही बरंच झालं असतं.

तेंगसाहेबांना मी आदल्या दिवशी सांगितलं होतं की हे पेटवू नका. ते म्हणाले, चांगशुन, तू थकलायस, पाहुणे गेले की रजा घे. मग मी ठरवलं की आग अगदी मंद ठेवायची, दाब चढू द्यायचा नाही, आणि गाडी हलत नाही म्हणून हात वर करायचे. हे मला फार हुशारीचं वाटलं. तू असतीस तर त्याला वेगळं नाव दिलं असतंस.

सकाळी लाल टोपीवाला आला. कपाळावर ११८३ बघून, या वेळी पाटी खरी समजून हसला, माझा खांदा थोपटला. मग सवयीने खाली वाकून दांडा पुसला. तिथे १०४७. ताई, तो माणूस बर्फात गुडघ्यावर बसला. खिशातून बायकोचा फोटो काढला, दांड्याशी धरला. मला वाटलं, याला कुणीतरी उचला. मग उठला आणि पांगला काहीतरी म्हणाला. पांगने तेंगसाहेबांकडे बघितलं. तेंगसाहेब म्हणाले, सांग, सगळं ठीक आहे, गाडी आत्ता निघते.

मी खिडकीतून म्हणालो, "पोरी, आज एकदा जे बोललं जाईल तेच सांग. हा बॉयलर मेलेला आहे. मीच त्याला मेलेला ठरवलाय. पाटी मी बदललीय. इथून सगळे लांब व्हा."

तिने सांगितलं. आता लिहिताना पुन्हा रडतेय, लिही म्हटलं तर हे वाक्य लिहायला तयार नाही.

लाल टोपीवाल्याने आपल्या माणसांना मागे हटवलं, स्वतः ओरडून हटवलं. तेंगसाहेब सगळ्यांत आधी हटले. मी शिनला खाली उतरवलं. आग खाली पाडायचं काम झालं. त्यानंतर आतली नळी फुटली आणि सगळी वाफ भट्टीच्या दारातून ड्रायव्हरच्या खोलीत आली. तोफेसारखा आवाज झाला. इंजिनावर तेव्हा कुणी नव्हतं. तू मुळीच घाबरू नकोस. कुणी नव्हतं.

अहवाल वरती गेलाय. त्यात लिहिलंय की परदेशी पाहुण्यांनी कामात व्यत्यय आणल्यामुळे ११८३ या सुस्थितीतील इंजिनाचं नुकसान झालं. मी ऐकून हसलो. हसायला जरा त्रास होतो, थंडीने ओठ फुटलेत.

युलियांगला डिझेल शेडमध्ये पाठव. तोंड नसलं तरी चालेल म्हणावं.

तुझा,
चांगशुन

-

हार्बिन,
२४ फेब्रुवारी २००४

चांगशुन,

थंडीने बोटं आखडली. थंडीने ओठ फुटले. शीगोउच्या थंडीने तुझ्यासाठी किती केलं ते वाचून मी तिचे आभार मानणार होते. तेवढ्यात चित्रफीत आली.

लाल टोपीवाल्याने ती युलियांगच्या नावे पाठवलीय. ज्याला खिडकीत बसायचं होतं त्याला हे बघायचा हक्क आहे, असं सोबतच्या चिठ्ठीत आहे. शेजारच्या किराणावाल्याकडे यंत्र आहे. आम्ही दोघं त्याच्या तांदळाच्या पोत्यांवर बसून बघितली. तो म्हातारा मागे धावतोय, कॅमेरा हातात तसाच चालू, बर्फ, बूट, आकाश, पुन्हा बर्फ. मग तो वळला.

धूर काळा नव्हता. चिमणीवर नुसती फिकी शेपटी होती. शिनला सांग, मी बघितली.

खिडकीत तू होतास. माझा स्वेटर अंगात, लांब बाह्या दुमडलेल्या. शिन खाली उतरून लांब पळाला होता आणि तू आत वाकून दोन्ही हातांनी दांडा ओढत होतास, आग पाडत होतास. मग ती खोली पांढरी झाली. नुसती पांढरी. युलियांगने माझा हात इतका घट्ट धरला की अजून निळा आहे. त्या पांढऱ्यातून तू पाठमोरा बाहेर पडलास, बर्फावर, आणि हात असे पुढे धरून उभा राहिलास की जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. आणि मग तू इकडेतिकडे बघितलंस. कुणी बघितलं का म्हणून.

बघितलं. आता मी बघितलं.

किराणावाल्याने चित्रफीत थांबवली आणि दुकान बंद केलं. गिऱ्हाइकं बाहेर उभी होती, त्यांना त्याने काही सांगितलं नाही.

मी तिथूनच तुमच्या चौकातल्या दुकानात फोन करून शुइंगला बोलावून घेतलं. अख्ख्या दुकानाने ऐकलं, ऐकू दे. ती आधी नाही नाही म्हणाली. मग म्हणाली, खाणीच्या दवाखान्यात आहेत. मी म्हणाले, खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या कार्डावर काय लिहिलंय ते सांग. ती म्हणाली, हिमदंश. दोन्ही हात, चेहरा. तेंगच्या सांगण्यावरून. पाळीतली नर्स कार्ड वाचते आणि तुझ्या हातांना हिमदंशाचं औषध लावते.

मला मोठा आवाज करायची सवय नाही, तुला माहीत आहे. मी किराणावाल्याच्या तराजूला धरून उभी राहिले. इंजिनावर खोटी पाटी, ते कापलं जातं. बॉयलरवर खोटी पाटी, तो फुटतो. आता माझ्या भावाच्या खाटेवर.

मी आणि युलियांग आज दुपारच्या गाडीने निघतो आहोत. हे पत्र तुला मीच वाचून दाखवीन. लिहून अशासाठी ठेवलंय की वाटेत माझा राग शिळा होऊ नये. भाजल्याचं मलम, पट्ट्या, सगळं बरोबर घेतलंय. माझ्या जुन्या पेटीत बाळांच्या पायाला बांधायच्या कापडी पट्ट्या सापडल्या. त्यातली एक काढून मी काळ्या शाईने लिहिलीय, आणि ती तुझ्या मनगटाला बांधल्याशिवाय कोट काढणार नाही. मनगट भाजलं असेल तर पायाला बांधीन.

छुई चांगशुन. वाफेने भाजलेला. फंगछिनचा भाऊ.